बारामती एमआयडीसीचा निवासी परिसर

बारामती एमआयडीसीचा निवासी परिसर म्हणजे पुणे जिल्ह्यातील बारामती शहराच्या उत्तर-पूर्व बाजूस, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) औद्योगिक क्षेत्रात आणि त्याच्या कडेने उभी राहिलेली घरांची वस्ती होय. भिगवण रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या वस्तीत सूर्यनगरी व विद्यानगरी हे भाग, तसेच तांदुळवाडी, रुई, जळोची, वंजारवाडी आणि कटफळ या गावांच्या शिवारांतील नवी घरे यांचा समावेश होतो. 'एमआयडीसीत राहतो' असे बारामतीत म्हटले, तर ते कारखान्यांच्या हद्दीपुरते नसून बहुधा या संपूर्ण पट्ट्याला उद्देशून असते.

रुंद रस्ते, सुटे बंगले, कमी उंचीच्या इमारती आणि शहराच्या मानाने विरळ रहदारी यांमुळे हा परिसर शांत मानला जातो. ही शांतता जमीनवापराचे नियम, कारखान्यांच्या पाळ्या आणि बाजारपेठेपासूनचे अंतर या तीन गोष्टींतून घडली आहे. शहरात वस्तीला आपोआप मिळणाऱ्या अनेक सोयी येथे रहिवाशांना स्वतः उभ्या कराव्या लागतात.

## स्थान

बारामती हे कऱ्हा नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव असून पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. औद्योगिक क्षेत्र शहर आणि भिगवण यांना जोडणाऱ्या रस्त्यावर आहे. भिगवण हे इंदापूर तालुक्यातील गाव पुणे–सोलापूर महामार्गावर आणि उजनी जलाशयाच्या काठाजवळ आहे. त्यामुळे बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील गावांमधून या क्षेत्रात कामगार ये-जा करतात. पेन्सिल चौक ही परिसरातील सर्वपरिचित खूण आहे.

परिसराचा पिन कोड ४१३१३३ असून तो जुन्या शहराच्या ४१३१०२ या पिन कोडहून वेगळा आहे. वाहनांची नोंदणी एमएच-४२ या मालिकेत होते. दौंड–बारामती लोहमार्गावरील कटफळ हे स्थानक औद्योगिक क्षेत्राच्या उत्तरेकडील भागाला जवळचे आहे.

## पार्श्वभूमी

### जिरायती माळ

बारामती तालुक्याचे दोन भाग पूर्वापार मानले जातात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणारा दक्षिणेकडील पट्टा बागायती असून तेथे ऊस हे मुख्य पीक आहे. कऱ्हेच्या उत्तरेकडील बराचसा भाग जिरायती आहे. पर्जन्यछायेतील या उंचवट्याच्या मुरमाड जमिनीवर ज्वारी-बाजरी आणि मेंढपाळी यांवर लोकांची गुजराण होत असे. गवताळ माळरान हे येथील मूळ निसर्गरूप आहे. याच तालुक्यातील सुपे येथील मयुरेश्वर अभयारण्यात चिंकारा आढळतो, तो अशाच माळावर.

औद्योगिक क्षेत्र या जिरायती बाजूस आखले गेले. सपाट, कोरडी आणि विरळ वस्तीची जमीन कारखान्यांना सोयीची होती व बागायती जमीन त्यामुळे वाचली. आज ज्या मोकळेपणाचे रहिवाशांना अप्रूप वाटते, तो मूळच्या कोरडवाहू माळाचा मोकळेपणा आहे.

### औद्योगिक क्षेत्र

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ अन्वये १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाची स्थापना झाली. मुंबई–ठाणे–पुणे पट्ट्यात एकवटलेले उद्योग राज्याच्या इतर भागांत न्यावेत, हे त्याचे एक उद्दिष्ट होते. बारामती हे या धोरणाचे ठळक उदाहरण ठरले. १९६७ साली बारामतीतून विधानसभेवर निवडून गेलेले आणि पुढे राज्याचे मुख्यमंत्री झालेले शरद पवार यांच्या राजकीय कारकिर्दीशी येथील औद्योगिक वाढीचा निकटचा संबंध आहे.

येथील प्रमुख उद्योगांत पियाजिओचा वाहननिर्मिती कारखाना, भारत फोर्ज, पूर्वीच्या आयएसएमटीचा पोलादी नळ्यांचा कारखाना, श्रायबर डायनामिक्स डेअरीज आणि फेरेरो या इटालियन चॉकलेट उत्पादकाचा कारखाना यांचा समावेश होतो. पियाजिओने १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे तीनचाकी अ‍ॅपे वाहनांचे आणि २०१२ मध्ये व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू केले. बारामती हाय-टेक टेक्स्टाइल पार्कमधील तयार कपड्यांच्या कारखान्यांत स्त्री कामगारांची संख्या लक्षणीय आहे.

### वस्तीची वाढ

आरंभीच्या काळात कामगार शहरातून किंवा आपापल्या गावांतून सायकल, दुचाकी वा बसने येत. पुढे तीन प्रकारची घरे उभी राहिली. पहिला प्रकार महामंडळाने आखलेल्या निवासी भूखंडांवरील बंगल्यांचा, दुसरा लगतच्या गावांतील बिगरशेती केलेल्या जमिनीवरील प्लॉट व सदनिकांचा, आणि तिसरा गावठाणांतील व शेतांच्या कडेने बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांचा. ज्यांची काही जमीन वसाहतीसाठी संपादित झाली, अशा अनेक कुटुंबांनी उरलेल्या जमिनीवर खोल्या काढून भाडे हे उत्पन्नाचे साधन केले. शेतकऱ्याचा घरमालक होणे हा या परिसराच्या सामाजिक इतिहासातील मोठा बदल आहे.

## मालकी आणि प्रशासन

निवासी परिसर एकसंध दिसला, तरी तो तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या कक्षेत येतो.

* एमआयडीसी क्षेत्र : अधिसूचित औद्योगिक क्षेत्रात महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण असते. बांधकाम परवानगी, रस्ते, पाणीपुरवठा आणि अग्निशमन ही कामे त्याच्याकडे असतात. भूखंड विकले जात नाहीत. ते साधारणतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. घर दुसऱ्याच्या नावे करताना महामंडळाची संमती आणि हस्तांतरण शुल्क लागते.
* नगरपरिषद क्षेत्र : बारामती नगरपरिषदेची स्थापना १८६५ साली झाली. २०११ च्या जनगणनेत ५४,४१५ लोकसंख्या असलेल्या या शहराची हद्द त्यानंतर वाढविण्यात आली आणि तांदुळवाडी, जळोची व रुई ही गावे शहरात आली. येथे बांधकामास राज्याची २०२० ची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. एमआयडीसी क्षेत्राची नियमावली स्वतंत्र आहे.
* ग्रामपंचायत क्षेत्र : कटफळ, गोजुबावी, वंजारवाडी यांसारख्या गावांत कर आकारणी व मूलभूत सुविधा ग्रामपंचायतीकडे आहेत.

या विभागणीचा परिणाम रोजच्या जीवनात जाणवतो. रस्त्याचा दिवा बंद पडला, गटार तुंबले किंवा कचरा साचला, तर प्रथम हा रस्ता कोणाचा, याचा उलगडा करावा लागतो. महामंडळाची रचना उद्योगांसाठी झाली असून घरगुती कचरा गोळा करणे, दवाखाना, उद्यान, स्मशानभूमी ही परंपरेने नगरपालिकेची कामे आहेत. शिवाय नगरपरिषद व ग्रामपंचायत यांचे सदस्य मतदार निवडतात. महामंडळाचा अधिकारी शासन नेमते. त्यामुळे एमआयडीसी भूखंडावरील रहिवाशाला तक्रार घेऊन जायला कार्यालय असते, पण आपला म्हणावा असा नगरसेवक असेलच असे नाही. घर घेणाऱ्याने सातबारा उतारा, मालमत्ता पत्रक किंवा भाडेपट्टा करार यांपैकी आपल्या घराला कोणता कागद लागू आहे हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

## वस्तीचे स्वरूप

बंगल्यांच्या भागात घरासमोर अंगण, फाटक, तुळशीवृंदावन आणि कुंपणाला लागून आंबा, नारळ, कढीपत्ता किंवा जास्वंद असे सर्वसाधारण चित्र दिसते. रस्त्यांच्या कडेला कडुनिंब व गुलमोहर आढळतात. सदनिकांच्या इमारती बहुधा कमी मजल्यांच्या असून तळमजल्यावर किराणा, औषधे, झेरॉक्स, सलून अशी दुकाने असतात. भाड्याच्या खोल्या एका रांगेत आणि सामाईक अंगणाभोवती बांधलेल्या असतात. अविवाहित कामगार व विद्यार्थी अनेकदा कॉट बेसिसवर राहतात आणि मेस किंवा खानावळीत जेवतात.

तीनही प्रकारची घरे एकमेकांपासून फार दूर नसली, तरी त्यांतील जीवनमान बरेच भिन्न आहे. बंगल्यातील कुटुंबाला जो निवांतपणा वाटतो, तोच परगावाहून एकट्याने आलेल्या तरुण कामगाराला एकाकीपणा वाटू शकतो.

## दैनंदिन जीवन

### पाळ्यांचे वेळापत्रक

परिसराचा दिवस घड्याळापेक्षा पाळ्यांवर चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी यांच्या बदलाच्या वेळी रस्ते दुचाकी, कंपनीच्या बस आणि अ‍ॅपे रिक्षांनी भरून जातात. अर्ध्या-पाऊण तासात ही गर्दी ओसरते आणि पुन्हा सामसूम होते. चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या आणि नाश्त्याची दुकाने याच वेळा धरून उघडतात.

फॅक्टरी अधिनियम, १९४८ नुसार प्रौढ कामगाराचे आठवड्याचे काम साधारणतः ४८ तासांपुरते मर्यादित ठेवले गेले. हे तास दिवसा भरायचे की रात्री, यावर मात्र घरातील झोप, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास अवलंबून असतो. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, तेव्हा शेजाऱ्यांचा दिवस सुरू झालेला असतो. कामगारांच्या वस्तीत दिवसाची शांतता ही म्हणूनच चैनीची बाब नाही, तर विश्रांतीची गरज आहे. दुपारी दूरचित्रवाणीचा आवाज कमी ठेवणे, मुलांना दुसऱ्या गल्लीत खेळायला पाठविणे किंवा मिक्सर उशिरा लावणे, असे संकेत पाळीने काम करणाऱ्यांच्या घरांत आणि शेजारात पाळले जातात.

### बाजार आणि ये-जा

किरकोळ किराणा, दूध व भाजी परिसरातच मिळते. कापड, भांडी, सोने, लग्नाची खरेदी आणि बँकेची मोठी कामे यांसाठी शहरातच जावे लागते. भाजी मंडई, आठवडे बाजार, एसटी स्थानक आणि जुनी मंदिरे शहराच्या मध्यभागी आहेत.

दुचाकी असलेल्या कुटुंबाला हे अंतर जाणवत नाही. वाहन न चालवणारे वृद्ध, शाळकरी मुले आणि दिवसभर घरी असणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी मात्र रिक्षाचे भाडे किंवा घरातील कोणाची तरी सवड हाच बाहेर पडण्याचा निकष ठरतो. औद्योगिक रस्ते मालमोटारींसाठी आखलेले असल्याने अनेक ठिकाणी पदपथ सलग नसतात. उसाच्या गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या तालुक्यातील रस्त्यांवर उतरतात; त्या काळात संध्याकाळनंतर दुचाकीने जाणे अधिक जोखमीचे असते.

### सण आणि सामाजिक जीवन

मूळ गावांत ग्रामदैवताची यात्रा, भजनी मंडळ आणि गावकीचे व्यवहार चालू आहेत. नव्या वस्तीत विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि परप्रांतांतून आलेली कुटुंबे एकत्र आल्याने ओळखीची सुरुवात बहुधा गृहनिर्माण संस्थेची सभा, सार्वजनिक गणेशोत्सव, हळदीकुंकू किंवा मुलांची शाळा यांतून होते. दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीत बरीच कुटुंबे गावी जातात आणि गल्ल्या ओस पडतात.

आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम बारामतीत असतो. पालखीचा मार्ग शहरातून काटेवाडीकडे जातो. औद्योगिक परिसरातील रहिवासी दर्शनासाठी आणि वारकऱ्यांच्या सेवेसाठी शहरात येतात.

## ध्वनी आणि शांतता

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार क्षेत्रांच्या प्रकाराप्रमाणे आवाजाची कमाल पातळी ठरवून दिली आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० हा काळ धरला जातो.

* औद्योगिक क्षेत्र : दिवसा ७५ डेसिबल, रात्री ७० डेसिबल
* व्यापारी क्षेत्र : दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५ डेसिबल
* निवासी क्षेत्र : दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ डेसिबल
* शांतता क्षेत्र : दिवसा ५० डेसिबल, रात्री ४० डेसिबल

रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. औद्योगिक व निवासी क्षेत्रांच्या रात्रीच्या मर्यादांत २५ डेसिबलचा फरक आहे. डेसिबल हे लघुगणकीय माप असल्याने १० डेसिबलच्या वाढीस ध्वनीची तीव्रता दहापट होते. २५ डेसिबलचा फरक म्हणजे तीनशेपटींहून अधिक. कारखाना आणि घर यांच्यामध्ये रुंद रस्ता, मोकळी जागा किंवा झाडांचा पट्टा राखणे का गरजेचे असते, हे यावरून स्पष्ट होते. या दोहोंमधील मोकळा भूखंड बांधला गेला, की कडेच्या घरांची शांतता त्या प्रमाणात कमी होते.

परिसरातील आवाजांचा आणखी एक स्रोत म्हणजे बारामती विमानतळ. हा विमानतळ एमआयडीसीने विकसित केला असून त्याचा उपयोग मुख्यत्वे वैमानिक प्रशिक्षणासाठी होत आला आहे. लहान प्रशिक्षण विमानांच्या घिरट्या हे येथील आकाशातील नित्याचे दृश्य आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयांतील ध्वनिवर्धक आणि मिरवणुकांचा आवाज यांबाबत इतर शहरांप्रमाणे येथेही रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतील बंदी लागू असते.

## पाणी आणि हवामान

परिसराचे हवामान कोरडे असून एप्रिल-मे महिन्यांत कडक उन्हाळा असतो. पाऊस मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात आणि बेभरवशाचा पडतो. मुरमाड जमिनीत पाणी फार काळ टिकत नसल्याने उन्हाळ्यात विंधन विहिरींची पातळी खालावते. ज्या घरांना एमआयडीसी किंवा नगरपरिषदेचे नळ आहेत आणि ज्यांची भिस्त बोअरवर आहे, त्यांच्या उन्हाळ्यात मोठा फरक पडतो. टँकर आणि पिण्याच्या पाण्याचे जार हे अनेक गल्ल्यांतील परिचित दृश्य आहे. छतावरील पावसाचे पाणी विंधन विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. मोठ्या भूखंडांवरील बांधकामास पर्जन्यजल संधारणाची अट घातली जाते.

## शिक्षण आणि आरोग्य

विद्या प्रतिष्ठान या १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेचे विद्यानगरी हे संकुल भिगवण रस्त्यावर आहे. शाळा, कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय, अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान यांचे शिक्षण येथे मिळते. संकुलातील ग. दि. माडगूळकर सभागृह हे शहराचे महत्त्वाचे सांस्कृतिक केंद्र आहे. या संकुलामुळे परिसराला कारखान्यांखेरीज दुसरा आधार मिळाला. प्राध्यापक, कर्मचारी आणि वसतिगृहांबाहेर राहणारे विद्यार्थी यांनी घरांची मागणी वाढविली, आणि मुलांच्या शाळेसाठी खेड्यातून येथे बिऱ्हाड करणारी कुटुंबेही आली.

२०१९ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औद्योगिक क्षेत्रात असून त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले आहे. त्याला संलग्न रुग्णालयामुळे गंभीर आजारात पुण्याला धाव घेण्याची वेळ काही अंशी टळली.

## कंपनीनगरांशी तुलना

कारखान्याजवळ शांत वस्ती उभी करण्याची कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. बारामतीच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती १९३० च्या दशकात वालचंदनगर आकाराला आले. पुढे तेथे अवजड यंत्रनिर्मितीही सुरू झाली. अशा कंपनीनगरांत घर, पाणी, शाळा, दवाखाना आणि करमणूक यांची व्यवस्था एकाच उद्योगसमूहाकडे होती. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे उद्भवत नसे. त्याची दुसरी बाजू अशी, की घर नोकरीशी बांधलेले असे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागे, आणि कंपनीचे दिवस पालटले की गावाचेही पालटत.

इंग्लंडमधील बॉर्नव्हिल हे याहून वेगळे उदाहरण आहे. कॅडबरी बंधूंनी १८७९ साली आपला चॉकलेटचा कारखाना बर्मिंगहॅम शहराबाहेर नेला आणि पुढे त्याच्याजवळ बागांसह घरे बांधली. १९०० साली या वस्तीचा कारभार कंपनीपासून स्वतंत्र अशा विश्वस्त संस्थेकडे सोपविण्यात आला.

बारामती एमआयडीसीचा परिसर या दोन्हींहून निराळा आहे. येथे एकच मालक नाही आणि एकच विश्वस्तही नाही. कामगार एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत गेला, तरी त्याचे घर कायम राहते. हे स्वातंत्र्य कंपनीनगरात नव्हते. मात्र त्याबरोबर बाग राखणे, सुरक्षारक्षक नेमणे, रस्त्याच्या दिव्यासाठी पाठपुरावा करणे ही कामे प्रत्येक गल्लीवर येऊन पडतात. जेथे गृहनिर्माण संस्था सक्रिय आहे तेथे ती होतात. जेथे केवळ सुटे प्लॉट आहेत तेथे रेंगाळतात.

## प्रमुख प्रश्न

* एमआयडीसी, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दींवरील सुविधांची स्पष्ट वाटणी.
* सर्व वस्त्यांतून नियमित कचरा संकलन आणि सांडपाण्याची व्यवस्था.
* पायी चालणाऱ्यांसाठी सलग पदपथ, आणि पाळी संपवून रात्री परतणाऱ्या स्त्री कामगारांसाठी पुरेसे दिवे व वाहतूक.
* भाडेकरू कामगारांसाठी परवडणारी व हवेशीर घरे.
* कारखाने व घरे यांच्यामधील मोकळ्या पट्ट्यांचे आणि उरलेल्या माळरानाचे जतन.

## हे सुद्धा पहा

* बारामती
* बारामती तालुका
* इंदापूर तालुका
* महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
* वालचंदनगर
* किर्लोस्करवाडी
* विद्या प्रतिष्ठान
* नीरा डावा कालवा